ग्रीन रिव्हरची पाटी आणि दगडावर न कोरलेली तीन नावं

रानवाटा

डेन्व्हरहून सॉल्ट लेक सिटीकडे आय-८० ने जाताना वायोमिंगमध्ये ग्रीन रिव्हर नावाचं गाव लागतं. इथले आपले बरेच लोक त्या रस्त्याने यलोस्टोनला किंवा युटाहला जातात, गावात पेट्रोल भरतात आणि पुढे निघतात. पुढच्या वेळी अर्धा तास जास्त काढा. रेल्वेच्या रुळांपलीकडे नदीत एक छोटंसं बेट आहे, एक्सपिडिशन आयलंड. झाडं, हिरवळ, मुलांना खेळायला जागा, आणि एका मोहिमेचं स्मारक. १८६९ आणि १८७१ साली मेजर जॉन वेस्ली पॉवेल याच गावातून ग्रीन नदीत उतरला होता, तिथून पुढे कोलोरॅडो नदीने ग्रँड कॅन्यनकडे जायला. १९६८ मध्ये या जागेला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला.

पाटी वाचायला दोन मिनिटं पुरतात, पण तिच्यामागे जे घडलं ते वाचायला लागल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणून हा धागा.

१० मे १८६९ ला अमेरिकेच्या पूर्व-पश्चिम रेल्वेचे रूळ जोडले गेले, आणि लगेच दोन आठवड्यांनी, २४ मे रोजी, शिकागोत बांधून रेल्वेनेच आणलेल्या चार होड्यांतून दहा माणसं इथून निघाली. तीन होड्या ओकच्या, २१ फुटी. चौथी पाईनची, १६ फुटी, हलकी. तिला पॉवेलने बायकोचं नाव दिलं होतं, एमा डीन. ही होडी पुढे जाऊन वाट बघायची आणि मागच्यांना खुणा करायची. दहा महिन्यांचा शिधा बरोबर होता. नकाशावर मात्र पुढचा मोठा पट्टा जवळजवळ कोरा होता.

पॉवेल मूळचा भूगर्भशास्त्राचा प्राध्यापक. यादवी युद्धात, १८६२ च्या शायलोच्या लढाईत, त्याचा उजवा हात कोपराखालून गेला होता. एका हाताचा माणूस उंची मोजायला कड्यांवर चढून वायुभारमापक लावायचा. एकदा तो असा अडकला की ना वर जाता येईना, ना खाली. वर जॉर्ज ब्रॅडली होता. दोर जवळ नव्हता आणि काठीही मिळेना, तेव्हा ब्रॅडलीने आपली लांब विजार काढून खाली सोडली. पॉवेलने धरलेला दगड सोडला, विजार पकडली आणि वर आला.

जूनमध्येच लोडोरच्या घळीत एक होडी खडकावर आपटून फुटली. माणसं वाचली, पण शिध्याचा मोठा वाटा गेला. जुलैत फ्रँक गुडमन हा इंग्रज मोहीम सोडून गेला. पीठ भिजून गुठळ्या झालं, ते मच्छरदाणीच्या जाळीतून चाळून घेतलं. ऑगस्टच्या मध्यावर ग्रँड कॅन्यनमध्ये असताना उरलं होतं ते दहा दिवस पुरेल एवढं कुबट पीठ, थोडी वाळलेली सफरचंदं आणि भरपूर कॉफी. खारवलेलं मांस इतकं खराब झालं होतं की टाकून द्यावं लागलं.

२७ ऑगस्टला समोर असा खळाळ आला की काठाने होड्या दोरावर सोडायलाही जागा नव्हती. त्या रात्री ओरॅमल हाउलंड पॉवेलशी बोलला: इथून पुढे नदीने जाणं वेडेपणा आहे, आपण वर चढून बाहेर पडू. पॉवेलने सेक्स्टंट (सूर्य-तारे बघून आपण कुठे आहोत ते काढायचं यंत्र) काढून मोजणी केली, वाळूत नकाशा पसरून दाखवला की जिथवर पोचायचं होतं ते व्हर्जिन नदीचं मुख सरळ रेषेत सुमारे ४५ मैलांवर आहे. मग रात्रभर तो वाळूत येरझारा घालत राहिला. सकाळी ओरॅमल, त्याचा भाऊ सेनेका आणि बिल डन असे तिघे वेगळे झाले. स्वयंपाकी हॉकिन्सने त्यांच्यासाठी बिस्किटं भाजून ठेवली. सम्नरने आपलं घड्याळ ओरॅमलकडे दिलं, बहिणीला पोचवायला. उरलेल्या सहा जणांना तीन होड्या चालवता येणार नव्हत्या, म्हणून एमा डीन तिथेच बांधून ठेवली.

सहा जण खळाळातून सुखरूप निघाले. दुसऱ्या दिवशी, २९ ला, ते कॅन्यनच्या बाहेर होते. ३० ला व्हर्जिनच्या मुखाशी मासे धरणारी मॉर्मन (युटाहमध्ये वसलेल्या एका ख्रिस्ती पंथाची) माणसं भेटली. त्यांना या मोहिमेचे अवशेष वाहून येतात का त्यावर नजर ठेवायला सांगितलं होतं.

वर चढून गेलेले तिघे पुन्हा कुणाला दिसले नाहीत.

आता मुद्द्यावर येते. ग्रँड कॅन्यनच्या साउथ रिमवर पॉवेल पॉइंटला दगडी पायऱ्यांचं मोठं स्मारक आहे, १९१८ मध्ये त्याचं लोकार्पण झालं. त्यावर मोहिमेतल्या सहकाऱ्यांची नावं आहेत, पण हाउलंड बंधू आणि डन यांची नाहीत. ते 'पळून गेले' असं ठरवून ती वगळली गेली. तीन महिने उपाशीतापाशी वल्ही मारली, नकाशे काढले, होडी फुटली तेव्हा बुडता बुडता वाचले, आणि शेवटच्या टप्प्याआधी घेतलेल्या एका निर्णयापायी नाव गेलं. मला हे अन्यायाचं वाटतं. तुम्हाला काय वाटतं?

सातूचं_पीठ

वाचतेय. कितीदा त्या गावावरून गेलोय, कधी उतरलो नाही. साउथ रिमलाही दोनदा गेलोय, पॉवेल पॉइंटच्या बस-थांब्यावर फोटो काढलाय, पण कुणाची नावं आहेत आणि कुणाची नाहीत हे बघायचं सुचलंच नाही.

नावाडी

लेख आवडला. मी दर उन्हाळ्यात या नद्यांवर राफ्टिंग करतो, म्हणून होड्यांबद्दल थोडं.

पॉवेलने मागवलेल्या होड्या बंदरातल्या शांत पाण्यासाठीच्या होत्या. गोल पोट, खाली लांब कणा. अशी होडी सरळ रेषेत छान जाते, पण खळाळात पटकन वळवायची म्हटली की वळत नाही. आणि वल्हवणारा प्रवाहाच्या दिशेला पाठ करून बसलेला! म्हणजे ज्या खडकावर आपण चाललोय तो त्याला दिसतच नाही. १८९० च्या दशकात नॅथॅनिएल गॅलोवेने होडी उलटी फिरवली आणि तोंड प्रवाहाकडे करून वल्हवायला सुरुवात केली. आज आपण खळाळात राफ्ट धरतो ती पद्धत तिथून आली.

या मोहिमेत हवा भरायचं जॅकेट एकट्या पॉवेलकडे होतं. एका हाताने पोहणार तरी किती, म्हणून ते बरोबरच होतं. पण बाकीचे नऊ जण अंगावरच्या कपड्यांनिशी खळाळात उतरत होते.

आता सांगा, तीन महिने पाठमोरं बसून हे केल्यावर एखादा म्हणाला की पुढचा खळाळ मी करणार नाही, तर त्याला भित्रा कसं म्हणायचं? आज आमच्या गाइडपैकी कुणी खळाळ बघून 'आज नको' म्हणाला तर आम्ही मुकाट राफ्ट काठाला लावतो. तो निर्णय घ्यायलाही छाती लागते.

खडूफळा

माझं मत थोडं वेगळं आहे. नावं वगळायला नको होती, हे मान्य. पण 'एक निर्णय' म्हणून सोडून देण्याइतकी ती गोष्ट लहान नाही. नऊपैकी तिघे गेले की वल्ह्यांवरचे हात कमी झाले. एक होडी सोडावी लागली, वायुभारमापकांसह बरंचसं सामान मागे राहिलं. उरलेल्यांचा धोका या तिघांच्या जाण्याने वाढला. डोंगरात नेणारा कुठलाही म्होरक्या तुम्हाला हेच सांगेल: आपण एकत्र आलो, एकत्र उतरू.

शिवाय पॉवेलने जबरदस्ती केली नाही, रागावला नाही. जाणाऱ्यांना बंदुका दिल्या, शिधा वाटून देऊ केला. म्हणजे निरोप माणुसकीचा होता. स्मारकावर सगळ्यांची नावं हवीत, आणि हे वेगळं होणंही तिथे लिहिलेलं हवं. ते झाकून ठेवण्यात काही अर्थ नाही.

रानवाटा

खडूफळा सर, वेगळं होणं लिहावं हे अगदी पटलं. माझा आक्षेप आहे तो 'पळून गेले' या आरोपाला. पळून जातो तो हुकमाखालचा शिपाई. या मोहिमेत त्या वेळी एकही जण लष्कराच्या नोकरीत नव्हता. ब्रॅडली शिपाई होता, पण पॉवेलने त्याची सुटका करवून मग बरोबर घेतलं. डन सापळे लावून जनावरं धरणारा शिकारी, ओरॅमल डेन्व्हरच्या वर्तमानपत्रात काम करणारा. सेनेका यादवी युद्धात गेटिसबर्गच्या लढाईत जखमी झालेला. जिवावर उदार होऊन जा, असा हुकूम यांना द्यायचा अधिकार कुणालाच नव्हता.

आणि खुद्द पॉवेलने आपल्या पुस्तकात त्यांना पळपुटे म्हटलेलं नाही. त्याने लिहिलंय की त्या सकाळी दोन्ही बाजूंना वाटत होतं की समोरचेच जास्त धोक्याची वाट धरताहेत. त्या जागेला त्याने सेपरेशन कॅन्यन नाव दिलं. विलग होण्याची घळ, एवढंच. शिक्का मारला तो नंतर. दुसऱ्या मोहिमेत पोरवयात गेलेला फ्रेडरिक डेलनबॉ स्मारकाच्या वेळी या नावांच्या विरोधात उभा राहिला, आणि पहिल्या मोहिमेत तो नव्हताच.

भूस्तर

त्या २७ तारखेबद्दल एक गोष्ट भूगोलाच्या अंगाने.

पॉवेलला ग्रीन रिव्हर गावाची उंची माहीत होती, व्हर्जिनच्या मुखाचीही अंदाजाने माहीत होती. फरक पाच हजार फुटांहून जास्त. मध्ये किती उतरलो ते तो वायुभारमापकाने मोजत होता. काचेच्या लांब नळीत पारा, हवेचा दाब वाढला की पारा चढतो, त्यावरून उंची काढायची. म्हणून लोडोरला फुटलेल्या होडीपर्यंत जिवावर उदार होऊन माणसं गेली, ती या नळ्या काढून आणायला. (त्यांनी व्हिस्कीचं एक पिंपही काढून आणलं.) एकूण उतारातून झालेला उतार वजा केला की पुढे नदी किती पडणार ते कळत होतं. पुढे एखादा मोठा धबधबा असेल ही सगळ्यांना भीती होती. उतार जसजसा वापरला गेला तसतशी ती शक्यता कमी होत गेली. पॉवेल त्या रात्री 'पुढे जाऊ' म्हणाला, त्यात हट्ट असेल, पण हातात आकडेही होते.

खळाळ होतात ते बहुतेक उपघळींच्या तोंडाशी. वळवाच्या पावसात घळीतून लोंढा येतो, घराएवढाले धोंडे आणून नदीत टाकतो, पाणी तुंबतं आणि मग त्यावरून कोसळतं. सेपरेशनला दोन्ही काठांवरून घळी येऊन मिळतात. त्यात तळाला कठीण जुना खडक असला की घळ अरुंद होते आणि बाजूने चालायलाही जागा राहत नाही. म्हणून या लोकांना तो काळा खडक दिसला की धडकी भरायची. त्या खडकाचं आजचं नाव विष्णू शिस्ट. साधारण १७० कोटी वर्षांचा. पॉवेलच्या हाताखाली काम केलेल्या क्लॅरन्स डटनने १८८० च्या सुमारास तिथल्या सुळक्यांना विष्णू टेंपल, शिव टेंपल अशी नावं दिली. साउथ रिमवरून मुलांना ते सुळके जरूर दाखवा.

माजघर

सगळ्यांचं वाचलं. एक माणूस मात्र या धाग्यात अजून आलेला नाही, आणि मला त्याच्याबद्दलच बोलायचंय.

२६ ऑगस्टला, म्हणजे तिघे वेगळे व्हायच्या दोनच दिवस आधी, या उपाशी माणसांना कॅन्यनच्या तळाशी एक मळा सापडला. कुणीतरी मका लावलेला, भोपळे लावलेले. मका तयार नव्हता. त्यांनी दहा-बारा कोवळे भोपळे उचलले, होडीत टाकून घाईघाईने पुढे गेले, आणि शिजवून पोटभर खाल्ले. पॉवेलने हे स्वतः लिहिलंय, चोरी केली हेही लिहिलंय.

तो मळा तिथल्या आदिवासींचा होता. म्हणजे नकाशावर जी जागा कोरी होती तिथे कुणीतरी बी पेरून, पाणी घालून, पीक यायची वाट बघत होतं. दक्षिण पायूट, हुआलापाय, हावासुपाय, होपी ही माणसं त्या घळीत आणि तिच्या काठावर पिढ्यान्‌पिढ्या राहत होती. पाटीवर 'पहिला' असं वाचलं की मला तो मळा आठवतो.

आणि त्या तिघांच्या मृत्यूचा आळ कुणावर आला? शिव्विट पायूटांवर. १८७० मध्ये पॉवेल जेकब हॅम्लिन या मॉर्मन दुभाषाला घेऊन त्यांना भेटला. हॅम्लिनने सांगितलं, ते म्हणतात, आम्ही मारलं. एका बाईला मारणारे खाणवाले समजून चुकून मारलं. पण पॉवेलपर्यंत हे आलं ते दुभाषाच्या तोंडून. १९८० च्या दशकात उजेडात आलेल्या १८८३ च्या एका पत्रावरून काही अभ्यासक म्हणतात की तिघांना मॉर्मन वस्तीतच मारलं असावं. यावर वाद आहे आणि तो मिटलेला नाही. पण दीडशे वर्षं एका जमातीच्या माथी तीन खून लागले, हे विसरू नका. हाउलंड बंधूंना न्याय द्यायचा तर त्यांच्याबरोबर शिव्विटांनाही द्यायला हवा.

रानवाटा

माजघर ताई, हा प्रतिसाद मूळ लेखापेक्षा मोलाचा आहे. मनापासून आभार.

निळी_शाई

नावं गाळण्याचा विषय निघालाय तर खुद्द पॉवेलचंही सांगायला हवं. १८७१-७२ ला तो दुसऱ्यांदा गेला. खरा नकाशा, छायाचित्रं, मोजणी हे सगळं या दुसऱ्या खेपेला झालं. त्याचा मेहुणा आल्मन थॉम्पसन याने नकाशाचं काम तडीस नेलं. एस्कलान्टे नदी आणि हेन्री पर्वत नकाशावर आले ते याच माणसांमुळे. या वेळी पॉवेलच्या होडीवर मधोमध एक खुर्ची बांधली होती, त्यात बसून तो पुढची वाट बघायचा.

आणि १८७५ च्या अहवालात? सगळं १८६९ च्या एकाच सफरीत घडल्यासारखं लिहिलंय. दुसऱ्या खेपेच्या अनुभवांचे तुकडे पहिल्या खेपेत बेमालूम बसवलेत आणि सफरीच्या त्या वर्णनात त्या माणसांना जागाच नाही. वाचायला तो अहवाल विलक्षण आहे, मी तो रात्र जागून वाचलाय. पण नदीच्या त्या गोष्टीत थॉम्पसनसारखा माणूस नसावा हे मला फार लागलं.

म्हणूनच ब्रॅडलीची रोजनिशी महत्त्वाची. तो इतरांपासून लपवून रोज लिहायचा. कंटाळा, भूक, पॉवेल तळ हलवत नाही म्हणून येणारा राग, सगळं त्यात आहे. २७ च्या रात्री त्याने लिहिलंय की तळावर नाराजी आहे आणि काही जण डोंगराची वाट धरतील अशी भीती वाटते. सम्नर आणि हॉकिन्स यांनी बऱ्याच वर्षांनी सांगितलं की भांडण आधीपासून होतं, डनच्या हातून पॉवेलचं घड्याळ भिजलं त्यावरून पैसे मागितले वगैरे. त्या काळच्या रोजनिशांत हे येत नाही, त्यामुळे मी त्यावर फार भार टाकणार नाही.

खडूफळा

हे घड्याळाचं प्रकरण नवीन कळलं. तसं असेल तर पॉवेलबद्दलचं माझं मत जरा खाली येतं. तरीही म्होरक्या म्हणून त्याने शेवटपर्यंत स्वतःसकट सहा माणसं जिवंत आणली हे खरंच आहे.

पाणलोट

पॉवेलच्या पुढच्या कामाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. मी पाण्याच्या क्षेत्रातच नोकरी करतो, आणि माझ्या दृष्टीने त्याचं खरं थोरपण खळाळात नाही, १८७८ च्या कोरडवाहू प्रदेशावरच्या अहवालात आहे.

त्यात तो सरळ सांगतो की पश्चिमेकडच्या जमिनीपैकी अगदी थोड्या भागालाच पाणी देता येईल. १०० व्या रेखांशाच्या पलीकडे वर्षाला २० इंचांपेक्षा कमी पाऊस पडतो, तिथे पूर्वेसारखे १६० एकरांचे तुकडे वाटून शेती होणार नाही. वस्त्या पाणलोटाप्रमाणे बांधा, पाण्याचा हक्क जमिनीला जोडा. १८९३ मध्ये लॉस एंजलिसच्या सिंचन परिषदेत त्याने हेच सांगितलं: एवढ्या जमिनीला पुरेल एवढं पाणी नाही, तुम्ही पुढच्या पिढ्यांसाठी तंटे आणि कज्जे साठवताय. लोकांनी हुर्यो केली.

१९२२ च्या करारात कोलोरॅडोचं पाणी वाटलं गेलं ते भरपूर पावसाच्या वर्षांच्या मोजणीवर. वरच्या राज्यांना ७५ लाख एकर-फूट (एक एकरावर फूटभर उभं राहील एवढं पाणी म्हणजे एक एकर-फूट), खालच्यांना तेवढंच. नदी तेवढी वाहत नाही, आणि सात राज्यं अजून भांडताहेत.

सगळ्यात जास्त बोचतं ते हे. पॉवेलने ज्या ग्लेन कॅन्यनच्या कपारी आणि झरे मन लावून वर्णिले, तो कॅन्यन १९६३ मध्ये धरणाचे दरवाजे बंद झाल्यावर बुडाला. त्या जलाशयाला नाव दिलं लेक पॉवेल. खाली हूवर धरणाच्या लेक मीडने सेपरेशनचा खळाळही गिळला. ज्या पाण्यापुढे तिघे थांबले ते पाणी त्या रूपात उरलंच नाही.

नावाडी

पाणलोट, म्हणजे १९३९ ची पाटीही त्याच कारणाने वर सरकवावी लागली असणार. सेपरेशन कॅन्यनच्या तोंडाशी त्या साली हाउलंड बंधू आणि डन यांच्या नावाची पाटी बसवली होती. नदीवरून जाणारे तिथे थांबतात. रानवाटा, तुमच्या लेखात ती आली नाही, म्हणून सांगतो: तिघांची नावं कोरलेली जागा आहे. फक्त ती रस्त्यावरून दिसत नाही, होडीनेच जावं लागतं.

रानवाटा

हे माहीत झाल्यावर बरं वाटलं, आणि माझी मागणी अजून पक्की झाली. वर्षाला लाखो लोक साउथ रिमच्या स्मारकाजवळून जातात. होडीने सेपरेशनला पोचणारे त्यांच्या तुलनेत मूठभर. जुना दगड फोडा असं मी म्हणत नाही, तो १९१८ च्या लोकांनी काय विचार केला त्याचा पुरावा आहे. त्याच्या शेजारी दुसरी पाटी लावावी: दहाही नावं, गुडमनसकट. २८ ऑगस्टला काय झालं ते चार ओळींत. आणि त्या मळ्याचा उल्लेख.

सातूचं_पीठ

पुढच्या महिन्यात आम्ही युटाहला चाललोय. नकाशात ग्रीन रिव्हर गाव मोआबच्या जवळ दाखवतंय. बेट तिथेच ना? सोबत सासूबाई आहेत, फार चालणं जमणार नाही.

रानवाटा

नाही, ते दुसरं. मोआबजवळचं ग्रीन रिव्हर युटाहमध्ये, आय-७० वर. बेट आहे ते वायोमिंगमधलं, आय-८० वर, दोन्हींमध्ये कित्येक तासांचा रस्ता आहे. पण युटाहच्या गावातही थांबाच, तिथे नदीकाठी पॉवेलच्या नावाचं नदी-इतिहासाचं संग्रहालय आहे. सासूबाईंना सगळं आत बसून बघता येईल. वायोमिंगच्या बेटावरही गाडी जवळपर्यंत जाते, सपाट आहे. साउथ रिमला जाणार असाल तर मार्च ते नोव्हेंबर हर्मिट रस्त्यावर खासगी गाड्या सोडत नाहीत, पार्कची मोफत बस घ्यायची आणि पॉवेल पॉइंटला उतरायचं. पाटीवरची नावं जरूर मोजा.